चौथा हात

मी गिलाव्याचा एक तुकडा बोलतोय. दोन तळहात शेजारी ठेवले तर त्यांत मावेन एवढा आहे मी. माझ्या अंगावर एक क्रूस उठवलेला आहे. त्याच्या तीन हातांचं वय तेराशे वर्षं आहे. चौथा हात फक्त आठ वर्षांचा.

पर्णिकाला मी असा असेन असं वाटलं नव्हतं.

‘आपल्या घरी एक प्राचीन क्रूस आहे,’ असं तिच्या पप्पांनी, जगन्नाथ पाटोळ्यांनी, तिला पत्रात कळवलं होतं. तेव्हा ती स्कॉटलंडमधल्या एका थंड गावात पहिल्या पाच शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकत होती. ते पत्र तिने जपून ठेवलं. तिच्या मनातला मी काचेच्या पेटीत होतो, खाली मखमल होती आणि माझ्याभोवती माणसं हलक्या आवाजात बोलत होती. शिक्षण संपवून ती घरी आली तेव्हा प्रत्यक्षात मी सापडलो आखातातल्या, अल कुसैसमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वरच्या फळीवर, दूध पावडरच्या डब्याला टेकून. माझ्या एका बाजूला रिमोट होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन.

तिने मला उचललं. माझा चौथा हात पाहिला आणि ओरडली, “पप्पा, हे काय केलंत?”

“काय केलं? हात तुटला होता. जोडला.”

“व्हाइट सिमेंटने?”

“मग काय डिंकाने जोडू?”

“तुम्हाला कळतं का, हे म्यूझियममध्ये असायला हवं! हा हात काढावा लागेल. छिन्नी कुठाय तुमची?”

जगन्नाथांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. म्यूझियम हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. का, ते पुढे सांगतो.

मंडळीबद्दलही तिची अशीच निराशा झाली. दर शुक्रवारी सकाळी मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पमधून वीस-बावीस मराठी माणसं कंपनीच्या बसने या फ्लॅटवर प्रार्थनेला येत. तिला वाटलं होतं, वाळवंटातली ही मंडळी पहिल्या शतकातल्या मंडळीसारखी प्रश्नांनी पेटलेली असेल. माणसं आली, चपला काढून भिंतीला टेकून बसली, एसीच्या गार हवेत त्यांचे डोळे मिटायला लागले, आणि ‘आमेन’च्या आधीच स्वयंपाकघरातून विद्युल्लताबाईंच्या रश्श्याचा वास आला तशी सगळी टक्क जागी झाली.

विद्युल्लताबाई म्हणजे पर्णिकाची आई. आजूबाजूच्या बॅचलर पोरांसाठी डबे करायची. मुलीचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, “सहा दिवस स्लॅबवर उभी असतात ती. झोपू दे घटकाभर. देवबाप काही हजेरी घेत नाही.”

पण पर्णिकाला हजेरी घ्यायची होती. चोवीस वर्षांची होती ती आणि तिच्या मनात आग होती. आगीला मी नावं ठेवत नाही. मीही भट्टीतूनच आलोय.

*

आता माझ्या जन्माबद्दल सांगतो.

इथून पश्चिमेला, अबू धाबीच्या किनाऱ्यापलीकडे एक बेट आहे. त्या बेटावर एके काळी एक मठ होता. तिथले संन्यासी बंधू पूर्वेकडच्या मंडळीचे. त्यांच्या जन्माआधी दोनशे वर्षं, फार दूर, रोमी राज्यात मोठमोठ्या बिशपांनी सभा भरवून कडाक्याचं भांडण केलं होतं. मरीयेला देवाची आई म्हणायचं की ख्रिस्ताची आई? ख्रिस्तातला देव आणि ख्रिस्तातला माणूस, हे दोन की एक? पाळण्यात रडलं ते कोण, आणि क्रूसावर मेलं ते कोण? एका पक्षाने दुसऱ्याला पाखंडी ठरवून हाकलून दिलं. माझे बंधू त्या हाकललेल्या पक्षाचे वारस. पण बेटावर वारा होता, खारट विहीर होती, मासे होते, आणि पहाटेची स्तोत्रं होती. जगाच्या निम्म्या भागात आपल्याला पाखंडी म्हणतात याची त्यांना फारशी फिकीर नव्हती.

तरी भांडणं माणसांच्या मागोमाग बोटीत बसून येतातच.

एक पाणबुड्या होता. मोती काढायचा. वाऱ्याचे दिवस आले की बेटावर मुक्काम करायचा आणि मठाच्या दारात बसून स्तोत्रं ऐकायचा. पुढे त्याने बाप्तिस्मा मागितला. मठातले सर्वांत म्हातारे बाबा मनाने कठोर नव्हते, पण त्याच सुमारास किनाऱ्यावरून पत्र आलं होतं की भलती शिकवण पसरते आहे, सावध राहा. म्हणून बाबांनी त्याला दारातच विचारलं, “ख्रिस्त देव आहे की माणूस?”

पाणबुड्याने समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाला, “मी खाली जातो तेव्हा जो माझ्याबरोबर खाली येतो, तो.”

“हे उत्तर नाही. शिक आणि पुढच्या सणाला ये.”

पुढचा सण त्याला दिसला नाही. समुद्राने त्याला चौथ्या दिवशी परत दिलं. त्याला कुठे पुरायचं यावर बंधूंचा वाद झाला. एक म्हणाला, कृपा पाण्यातून येते, आणि पाणी तर याला लागलेलं नाही. दुसरा हसला आणि रडलाही. म्हणाला, “याला पाणी लागलेलं नाही?” पण शेवटी बाबांचा शब्द राहिला. त्याला मठाच्या भिंतीबाहेर पुरलं.

योहानान नावाचा एक बंधू गिलावा करायचा. तो त्या वादात एक शब्दही बोलला नाही. त्याने जिप्समचा दगड भाजला, कुटला, समुद्राच्या पाण्यात कालवला, कारण विहिरीचं पाणी पिण्यालाच पुरत नव्हतं, आणि मला थापलं. ओला असताना माझ्यावर क्रूस कोरला. पाठीवर अंगठा दाबला, आणि बाहेरच्या भिंतीवर, त्या कबरीच्या बरोबर समोर मला बसवलं.

बाबा म्हणाले, “क्रूस आत हवा होता.”

“आतल्यांना वाट माहीत आहे, बाबा,” योहानान म्हणाला.

त्यानंतर दर संध्याकाळी बाबा भिंतीच्या आतल्या बाजूला, माझ्या पाठीशी येऊन उभे राहत. कपाळ भिंतीला टेकवत. ते काय पुटपुटत ते फक्त मला ऐकू येई. दारात विचारलेला तो प्रश्न घोकत ते त्या पाणबुड्याची क्षमा मागत होते, आणि मध्येच अडखळत, कारण त्यांनी त्याचं नाव कधी विचारलंच नव्हतं. कुणीही ते लिहून ठेवलं नाही. म्हणून मलाही ते ठाऊक नाही. मला त्याचा फक्त श्वास ठाऊक आहे. डुबकी मारण्याआधी खोल घेतलेला, आणि मग न सोडलेला.

माझ्या अंगात समुद्र आहे. हवा दमट झाली की मला खारट घाम फुटतो, आणि तो श्वास मला पुन्हा ऐकू येतो. बंधू गेले, छप्पर पडलं, भिंत कोसळली, माझा एक हात तुटून कुठे गेला कळलं नाही, आणि बाराशे वर्षं माझ्यावर वाळू चढली. वाळूखालीसुद्धा तो श्वास थांबला नाही.

*

सन १९९४ मध्ये त्या बेटावर जुन्या मठाचं खोदकाम चालू होतं. खोदणारे शास्त्रज्ञ वेगळे. बांधकाम कंपनीचे मुकादम जगन्नाथ पाटोळे आणि त्यांचे गिलाव्याचे मिस्त्री तिथे गेले होते ते कामगारांसाठी सावलीच्या शेड उभ्या करायला. शास्त्रज्ञांच्या दोऱ्यांच्या हद्दीबाहेर खांबासाठी खड्डा घेताना एका मिस्त्रीचं फावडं माझ्यावर आपटलं.

तो राजाभाऊ.

त्याने मला बाहेर काढलं, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसलं आणि उलटं केलं. त्याच क्षणी तो खाली बसला. “दादा, हे बघा. अंगठा.”

त्याने स्वतःचा अंगठा योहानानच्या ठशात ठेवला. बरोब्बर बसला. “मिस्त्री आपल्यातलाच होता, दादा. माल सैल झालाय का बघायला आपण दाबतो, तसाच दाबलाय.”

मला तिथेच शास्त्रज्ञांच्या हवाली करायला हवं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण एका मिस्त्रीचं काम तेराशे वर्षांनी दुसऱ्या मिस्त्रीच्या हातात आलं होतं, आणि ते कारकुनाच्या हाती द्यायला जगन्नाथांचं मन होईना. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून त्यांनी मला अल कुसैसला आणलं. त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की त्यांची नजर आधी माझ्याकडे जाते.

तुटलेला हात मात्र राजाभाऊला बघवेना. मिस्त्रीच तो. जगातला प्रत्येक मिस्त्री हीच चूक करेल. एका शुक्रवारी जेवण झाल्यावर बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून तो बसला. हातात एक खिळा आणि करवतीच्या पात्याचा तुकडा. दोन तासांत त्याने माझा चौथा हात घडवला. मग मला उलटं करून योहानानच्या अंगठ्याशेजारी ओलं सिमेंट लावलं आणि त्यात आपला अंगठा दाबला.

“हे कशाला?” जगन्नाथांनी विचारलं.

“त्याला सोबत.”

त्यानंतर राजाभाऊ दर शुक्रवारी माझ्यासमोर, दाराजवळच्या भिंतीला डोकं टेकून बसू लागला. खोबरेल तेलाचं डोकं. पांढऱ्या डिस्टेंपरवर त्याच्या डोक्याएवढा एक गोल डाग पडला. विद्युल्लताबाई म्हणायची, “राजाभाऊ, भिंत खराब करता हो तुम्ही.” तो म्हणायचा, “मीच गिलावा केलाय वहिनी, मीच परत करून देईन.”

*

पर्णिकाने फळा आणला. दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर ती अर्धा तास शिकवू लागली. ख्रिस्त एक व्यक्ती, दोन स्वभाव. मिसळ नाही, फूट नाही. कृपा ही देवाची देणगी, माणसाची कमाई नव्हे. ती फार सुंदर शिकवायची. तिचे डोळे चमकायचे. एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हा क्रूस घडवणारे चुकले होते. ख्रिस्ताचे दोन तुकडे केले म्हणून मंडळीने त्यांना पाखंडी ठरवलं.”

राजाभाऊने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “पण ताई, काम एकदम सुबक आहे हो.”

सगळे हसले. पर्णिकाही हसली. पण तिला बोचलं.

राजाभाऊचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. नगर जिल्ह्यातल्या त्याच्या गावी त्याची बायको ठकुबाई जन्माने ख्रिस्ती. त्यांची मुलगी छाया चार वर्षांची होऊन तापाने गेली. गावच्या मंडळीच्या कबरस्थानात, कुंपणाच्या आत, कडुनिंबाखाली तिची कबर आहे. तिचा गिलावा राजाभाऊने केला होता. शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे. तो सुट्टीत गावी जायचा तेव्हा ती जागा स्वतः झाडून ठेवायचा.

पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, भारतातून वर्षातून दोनदा इथे येत, ईस्टरला आणि कापणीच्या सणाला. त्या वर्षी ईस्टरच्या आधी बाप्तिस्म्यासाठी तिघांनी नावं दिली. पाळकांनी फोनवर पर्णिकाला सांगितलं, “तूच तयारी करून घे, तूच तपास. तुझा अभ्यास आहे.”

दर्शन नावाचा तरुण क्रेन ऑपरेटर आणि दुसरा एक सुतार, दोघांनी विश्वासांगीकार, श्रद्धेचा ठरलेला पाठ, घडाघडा म्हणून दाखवला. मग राजाभाऊ पुढे आला आणि तिच्यासमोर खाली बसला. खुर्ची होती, पण तो खालीच बसला.

“बाप्तिस्मा का हवाय, राजाभाऊ?”

“छायाच्या शेजारी जागा आहे, ताई.”

पर्णिकाने पेन खाली ठेवलं. “हे कारण होत नाही. कृपा जागेसाठी मिळत नसते.”

“मग कशासाठी मिळते?” त्याने खरोखर जाणून घ्यायला विचारलं होतं. तिने पुस्तकांतून बरंच काही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बरं, मला सांगा. ख्रिस्तामध्ये देव आणि माणूस कसे आहेत?”

राजाभाऊचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं. “चुना आणि वाळूसारखे. एकदा कालवलं की वेगळं निघत नाही.”

“नाही, नाही! मिसळ नाही म्हणून शिकवलं ना?”

“मिसळ कुठाय ताई? वाळूची वाळूच राहते. भिंगातून बघा पाहिजे तर.”

दर्शन खुसखुसला. पर्णिकाचे कान लाल झाले. “राजाभाऊ, सरळ सांगा. येशू देव आहे की माणूस?”

आणि माझ्या अंगातून थंड काहीतरी गेलं. तेराशे वर्षांनी तोच प्रश्न मी पुन्हा ऐकत होतो. मला ओरडावंसं वाटलं. पण गिलाव्याला तोंड नसतं.

राजाभाऊने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “आपला माणूस आहे, ताई.”

पर्णिकाने वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘पुन्हा’.

“कापणीच्या सणाला पाळक येतील. तोवर नीट शिका.”

“ऑक्टोबर ना? चालेल की. आठ वर्षं थांबलो, सहा महिने काय.” तो उठला, गुडघे झटकले आणि पुन्हा भिंतीला डोकं टेकून बसला. त्याने राग धरला नाही. पुढच्या शुक्रवारी आला, त्याच्या पुढच्यालाही आला, आणि फळ्यावरचं सगळं मराठीत वहीत उतरवून घेत राहिला.

त्या दुपारी माझ्याखालच्या फळीवर मिठाचं पांढरं वर्तुळ उमटलं. विद्युल्लताबाईने फडक्याने पुसलं. “हा दगड आज अवेळी घामाघूम कसा झाला?” अजून मार्च होता. हवा कोरडी होती.

*

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी राजाभाऊ दुपारच्या सुट्टीत कॅम्पवर आडवा झाला आणि उठला नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी बदरुद्दीन फ्लॅटवर आला. तो कंपनीत सरकारी कागदांची कामं करायचा. रत्नागिरीचा माणूस, त्यामुळे मराठीत शिव्या देणारा आणि मराठीत धीर देणारा. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“पेपरवर्क खलास. वकिलातीचा शिक्का झाला. उद्या तीनला मुहैस्नाहच्या शवागारात पेटी बंद होईल. रात्रीची फ्लाइट. तुम्हाला दुवा म्हणायची असेल तर अडीचला या, मी आत घेतो सगळ्यांना.”

तेवढ्यात फोन वाजला. पर्णिकाने उचलला. फोन माझ्या शेजारीच असतो. म्हणून ठकुबाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ती गावातल्या दुकानातून बोलत होती, मागे कुणाची तरी स्कूटर चालू होती.

“सलाम, ताई. मी राजाभाऊंची मंडळी.”

“सलाम, वहिनी.” पर्णिकाचा आवाज फुटला.

“रडू नका. मी रडून घेतलंय. एक काम होतं. पेटीबरोबर तेवढा दाखला पाठवा.”

“कसला दाखला?”

“बाप्तिस्म्याचा. ते मार्चमध्ये म्हणाले होते, ताई परीक्षा घेणार आहेत, आता होऊन जाईल. मग काही बोलले नाहीत. झालाच असेल. पंच म्हणतात दाखल्याशिवाय कुंपणाच्या आत घेता येत नाही. मी म्हटलं, तिकडे ताई आहे, शिकलेली आहे, ती पाठवेल.” मग जरा थांबून ती म्हणाली, “छायाशेजारची जागा झाडून ठेवलीय मी.”

“उद्या सकाळी फोन करते,” पर्णिका म्हणाली आणि रिसीव्हर खाली ठेवला.

पर्णिकाने ठकुबाईचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. मग विद्युल्लताबाई म्हणाली, “लिहून दे. एक कागद तर आहे.”

“खोटा दाखला लिहू, मम्मी?”

“मग खरं काय ते लिही. काय आहे खरं?”

बदरुद्दीनने चहाचा कप खाली ठेवला. “पोरी, ईसा आमच्यातही आहेत. तुमच्यासारखे आम्ही त्यांना देव मानत नाही, त्यावर आपण भांडू कधीतरी, निवांत. पण एक विचारू? राजाभाऊचा पेपर तू तपासलास. तुझा कोण तपासणार?” आणि टोपी घालून तो निघून गेला.

बाहेर अजून उजेड होता. पर्णिका माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात जगन्नाथांची बारीक छिन्नी होती. गेले सहा महिने ती म्हणत होती, हा खोटा हात काढून क्रूस जिथला तिथे पोहोचवायचा. त्या संध्याकाळी तिला निदान एक तरी गोष्ट बरोबर करायची होती, असं मला वाटतं. तिने मला टेबलावर पालथं ठेवलं आणि छिन्नी टेकवली.

आणि ती थांबली. मी ओलाचिंब होतो. तिचे हात माझ्या खाऱ्या पाण्याने भिजले, आणि ओल्या पाठीवर दोन अंगठे स्वच्छ दिसत होते. एक झिजलेला, एक ताजा.

“पप्पा, हा दुसरा ठसा कुणाचा?”

जगन्नाथ दारातच उभे होते. “राजाभाऊचा. हात त्यानेच केलाय. तुला नाही का सांगितलं?”

“तुम्ही म्हणालात, जोडला.”

“जोडला म्हटलं. कुणी, ते तू विचारलंच नाहीस.”

तिने आपला अंगठा हळूच राजाभाऊच्या ठशात ठेवला. तिचा लहान होता. चहूकडून जागा उरली. छिन्नी घरंगळून फरशीवर पडली. मग ती चालत जाऊन दाराजवळ, तेलाच्या डागाखाली बसली आणि डागाला डोकं टेकवलं. माझ्या पाठीशी तेराशे वर्षांपूर्वी एक कपाळ असंच टेकलं होतं. तिने काय पुटपुटलं तेही फक्त मलाच ऐकू आलं. एक फरक होता. हिला नाव ठाऊक होतं. ते ती पुन्हा पुन्हा घेत होती.

खोलीत एसीचा आवाज होता. त्याखाली मला तो जुना श्वास ऐकू येत होता, खोल घेतलेला, न सोडलेला. आता ते दोन होते.

*

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता नेहमीसारखी बस आली. माणसं आत आली, चपला काढल्या, भिंतीला टेकली. दाराजवळची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली. कुणीही डुलकी घेतली नाही.

पर्णिकाचे डोळे सुजले होते. तिने फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि एक कागद उघडला.

“गावच्या पंचांना हे पत्र लिहिलंय. तुम्ही सगळे साक्षीदार होता, म्हणून आधी तुम्हाला वाचून दाखवते.”

ती वाचू लागली. “राजाभाऊंनी बाप्तिस्मा मागितला होता. तो मी अडवला. मी त्यांना विचारलं, येशू कोण आहे, आणि ते म्हणाले, आपला माणूस. जो आपल्यासाठी मेला त्याला त्यांनी आपला म्हटलं, आणि मी त्याला चूक म्हटलं. पाणी राहिलं ते माझ्यामुळे राहिलं, त्यांच्यामुळे नाही. म्हणून मी दाखला पाठवू शकत नाही. मी फक्त साक्ष देऊ शकते. या मंडळीत आठ वर्षं ते आमचे भाऊ होते. कृपेला तुमचं कुंपण आडवं येतं की नाही, हे मला पुस्तकांतून सांगता येत नाही. माझी विनंती आहे, त्यांना त्यांच्या मुलीशेजारी ठेवा.”

दर्शन उठून पुढे आला. तो राजाभाऊच्या उत्तराला खुसखुसला होता. “ताई, खाली माझी सही घ्या.” मग एकेक जण आला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले.

“आणि पंचांनी ऐकलं नाही तर?” विद्युल्लताबाईने विचारलं.

“कागद परत करता येतो, मम्मी. माणसाला परत पाठवणं जरा अवघड असतं.” पर्णिकाने आपला पासपोर्ट पर्समध्ये टाकला. “बदरुद्दीनचाचांना मी सकाळीच फोन केलाय. पेटीबरोबर मी जाणार आहे. पंच नाहीच म्हणाले, तर कुंपणाबाहेर मी खड्ड्याशी उभी राहून प्रार्थना म्हणेन. गिलाव्याचं काम पप्पा मला शिकवतील.”

आता जगन्नाथ उठले, फळीवरून मला उचललं आणि विद्युल्लताबाईच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायला लागले.

“कुठे नेता?” विद्युल्लताबाईने विचारलं.

“अबू धाबीला. ज्यांचा आहे त्यांना द्यायला. विचारतील, आठ वर्षं कुठे होता. सांगेन.” त्यांनी फडक्याची एक घडी माझ्यावर घातली. “पोरगी खरं बोलायला निघालीय, मग बापाने बेलला किती दिवस दचकायचं?”

“पप्पा,” पर्णिका म्हणाली, “चौथा हात तसाच राहू द्या. त्यांना सांगा, कुणी केलाय. नाव लिहून द्या.”

तर मी आता निघालोय. फडक्याची शेवटची घडी अजून उघडी आहे, म्हणून बोलतोय. तुम्ही कधी काचेआड मला पाहिलंत, तर माझं एवढं ऐका. माझा चौथा हात खरवडू देऊ नका. तो जुना नाही, पण खोटाही नाही. आणि माझ्या पाटीवर मी कोणत्या भिंतीवर होतो तेही लिहायला सांगा. मी आतला नव्हतो. मला बाहेरच्यांसाठी बसवलं होतं.

त्या म्हाताऱ्या बाबांची मला आज आठवण येते आहे. ते रोज भिंतीशी आले, पण दाराबाहेर एकदाही पाऊल टाकलं नाही. टाकलं असतं, तर कदाचित तो श्वास केव्हाच सुटला असता.

पर्णिकाने फोन उचलला. गावच्या दुकानाचा नंबर फिरवला. ठकुबाई तिथेच बसून होती, पहिल्याच घंटीला तिने घेतला.

“दाखला नाहीये, वहिनी,” पर्णिका म्हणाली. “चूक माझी आहे. सगळं सांगते, पण फोनवर नाही. त्यांना घेऊन मी येतेय.”